कलम १६ मधला सावकार

ज्यांना बसमध्ये, ट्रेनमध्ये ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

लॉ सीईटीची तयारी केलेल्या कुणालाही 'अ' आणि 'ब' ही दोन माणसं चांगली ठाऊक असतात. अ ने ब ला घर विकलं, ब ने पैसे बुडवले. अ ची गाय ब च्या शेतात शिरली. महिनोन्महिने आपण या दोघांची भांडणं सोडवत बसतो, पण त्यांना ना आडनाव, ना गाव. ते कुठले, हे कुणी विचारतच नाही. मला आज त्यांच्यातल्या एका जोडीबद्दल बोलायचंय.

भारतीय करार कायदा, १८७२. कलम १६, अनुचित प्रभाव. या कलमाखाली चार उदाहरणं दिलीत. त्यातलं तिसरं साधारण असं आहे: अ हा ब चा देणेकरी, आणि ब हा अ च्या गावचा सावकार. अ पुन्हा नवं कर्ज काढतो आणि त्या कर्जाच्या अटी बघता क्षणी अन्यायाच्या वाटतात. मग हा करार दबावाखाली झालेला नाही, हे सिद्ध करायचं काम ब चं, म्हणजे सावकाराचं.

परीक्षेत यावर प्रश्न आला तर एक मार्क. आपण गोल काळा करतो, म्हणजे आता माऊसनं क्लिक करतो, आणि पुढे जातो. पण एक गोष्ट बघा. कायदा १८७२ चा असला तरी कलम १६ आज ज्या रूपात आहे ते १८९९ च्या दुरुस्तीनं आलं. मधल्या सत्तावीस वर्षांत काय झालं? तर शिरूर आणि भीमथडी झालं.

भीमथडी म्हणजे आजचा दौंड आणि बारामतीचा पट्टा. आपण शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळी वाचतो, आणि सुपे हे नाव लक्षात राहतं. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पण गोष्ट सुरू होते शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात, डिसेंबर १८७४ मध्ये. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा आणला. देणं होतं दीडशे रुपयांचं. त्या हुकूमनाम्यावर त्यानं देशमुखाचं राहतं घर पाडलं. गाव पेटलं, पण आधी आग लावून नाही. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कुणी राबायचं नाही, त्यांचं पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. आज आपण ज्याला 'कॅन्सल करणं' म्हणतो तसलं काहीतरी, फक्त इथं उन्हात जाऊन पाणी स्वतः शेंदायला लागायचं.

पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. तिथून लोण इंदापूर, पुरंदर, शिरूर, हवेली आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेलं. तीसपेक्षा जास्त गावं. ९५१ माणसं धरली. आणि लोकांना हवं काय होतं? कागद. कर्जरोखे, गहाणखतं, हुकूमनामे, वह्या. बऱ्याच गावांत सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले तर त्याला हातही लावला नाही. कागद मिळाले की ते जाळायचे आणि घरी जायचं.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडं बालिश वाटलं होतं. कागद जाळून कर्ज जातं का? पण त्या कागदांवर सही कशी असायची ते बघा. कुणब्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे नांगराची खूण काढलेली. निशाणी नांगर. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार सावकाराचे. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीन वर्षांत जुना व्हायला लागला. हेतू चांगला, की व्याज साठत राहू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि तुंबलेलं व्याज मुद्दलात घालायचा. फिर्याद झाली की शेतकरी कोर्टात जायचाच नाही. कुठे जायचं, काय बोलायचं माहीत नाही, जायला पैसे नाहीत. मग एकतर्फी निकाल. कागदाच्या बाबतीत इतका लाचार असलेला माणूस कागदच जाळणार ना.

कारणं आणखीही होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचा भाव कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि त्याच सुमारास सरकारनं भीमथडी-इंदापूरकडे शेतसारा भरमसाट वाढवला. त्यावर पूर्ण भाग होईल, म्हणून आज एवढंच.

सरकारनं कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे. या कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी मला फार आवडतात. एक, शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हायला हवा, आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायला हवा. दोन, फिर्याद आली की कोर्टानं नुसता शेवटचा रोखा बघायचा नाही. पहिल्यापासूनचा हिशेब काढायचा, मूळ किती, व्याज किती. तीन, देणं फिटलं नाही म्हणून शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकायचं नाही.

आणि एक गोष्ट चमत्कारिक वाटते. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात वकिलाला उभं राहायला साधारणपणे बंदी. सरकारचा विचार समजण्यासारखा आहे: वकील परवडतो सावकाराला, म्हणून वकीलच नको. पण यात एक गृहीत धरलेलं दिसतं, की वकील हा नेहमी समोरच्याचाच असणार. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा वकील होईल, पोरगी होईल, हे त्या कायद्याच्या स्वप्नातही नाही.

नसेलच, कारण वकील होण्याची वाट होतीच तशी. परीक्षा त्या काळीही होत्या. डिस्ट्रिक्ट प्लीडर, हायकोर्ट प्लीडर, एलएलबी. आणि क्लासही होते! टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, त्या सुमारास पुण्यात लॉ क्लास काढला. प्लीडरच्या परीक्षांची तयारी करून घेणारा. 'केसरी'वर कर्ज होतं, त्यामुळे घर चालायला या क्लासचा मोठा आधार होता. म्हणजे पुण्यातल्या कोचिंग क्लासचा इतिहास सांगायचा तर सुरुवातीच्या पानावर लोकमान्य येतात. क्लास न परवडणारेही होते. वल्लभभाई पटेल दुसऱ्या वकिलांची पुस्तकं उसनी आणून अभ्यास करत डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा पास झाले आणि १९०० मध्ये गोध्र्याला वकिली सुरू केली. बायकांना तर पास होऊनही उपयोग नव्हता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एलएलबी झाल्या, आणि कोर्टात वकील म्हणून उभं राहता येईल असा कायदा यायला १९२३ उजाडलं.

आता थेट आपल्या काळात येऊ. २००८ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट सुरू झाली, आणि २०१६ पासून महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांसाठी सीईटी. त्याआधी इथं टक्क्यांवर प्रवेश मिळायचा. क्लॅट फक्त इंग्रजीत, चूक झाली की मार्क कापतात, आणि नुसत्या फॉर्मचे खुल्या गटाला चार हजार रुपये. सीईटी मराठीतही देता येते, मार्क कापत नाहीत, फीही बरीच कमी. शिरूर-दौंडच्या मुलांसाठी कुठलं दार उघडं आहे हे एवढ्यावरून कळतं. क्लॅट हुशारीची परीक्षा असेलही, पण त्याआधी ती इंग्रजी आणि खिशाची परीक्षा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही चौघं होतो. मी शिरूरची, एक मुलगा रांजणगावकडचा, आणि दौंडकडच्या दोघी. ओळख झाली ती व्हॉट्सॲपवर. रोज रात्री नऊला कॉल, आणि दोन रविवारांनी एकदा दौंडच्या एका अभ्यासिकेत भेटायचो. मी आणि रांजणगावचा न्हावरं, चौफुला करत यायचो. त्या अभ्यासिकेत बाकी सगळे एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीवाले. दौंडला एसआरपीचे कॅम्प, त्यामुळे पहाटे पळणारी आणि दुपारी पुस्तकावर डोकं टेकून झोपणारी पोरं पुष्कळ. आम्ही लॉ म्हटल्यावर ती विचारायची, "म्हणजे जागा किती निघाल्यात?"

पुस्तकांचा एकच संच होता, तो फिरायचा. आमच्यातली एक पूर्ण मराठी माध्यमाची, एक इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे आमची पद्धत अशी पडली की प्रश्न मोठ्यानं वाचायचा, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि मग आपल्या भाषेत. 'कन्सिडरेशन' म्हणजे 'प्रतिफल'. आता प्रतिफल म्हणजे काय? रांजणगावचा म्हणायचा, "अरे, फुकट कोण काय देतं का, ते." ही व्याख्या मी आजही विसरलेले नाही.

कलम १६ चं ते तिसरं उदाहरण मीच वाचलं. मराठी माध्यमाची जी होती ती म्हणाली, "थांब गं. पुन्हा वाच." मी वाचलं. मग ती म्हणाली, "हे आमच्या आबांचं आहे."

तिच्या आजोबांनी विहिरीसाठी गावातल्या एकाकडून व्याजानं पैसे घेतले होते. त्यानं गहाणखत केलंच नाही. सरळ खरेदीखत करून घेतलं, आणि तोंडी सांगितलं की पैसे फिटले की जमीन उलटी फिरवून देतो. आबांनी सही केली. आता ते सही करतात, नांगर नाही काढत. पैसे बरेचसे फिटले. जमीन फिरली नाही, सातबाऱ्यावर नाव मात्र फिरलं. घरात हा विषय निघाला की आबा उठून गोठ्यात जायचे, आणि बाकीचे म्हणायचे, सही केली ना, आता काय.

सही केली ना. १८७५ मध्येही हेच म्हणत असणार.

त्या रविवारी अभ्यास झाला नाही. आम्ही शोधत बसलो. करार कायद्याच्या जोरावर दिवाणी दावा लावता येतो, पण मुदत, खर्च, सगळंच अवघड. मग सापडला महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा. त्याचं कलम १८ सांगतं की बेकायदा सावकारीतून स्थावर मालमत्ता गेली असेल, भले ती खरेदीखतानं का गेली असेना, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते खरेदीखत रद्द ठरवू शकतो आणि जमीन परत द्यायचा आदेश देऊ शकतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. आबांच्या खरेदीखताला अकरा वर्षं झाली होती. तिनं बोटांवर मोजलं, मग मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर परत मोजलं.

पुढचं पटकन सांगते. सीईटीला चौघांपैकी तिघांना प्रवेश मिळाला. रांजणगावच्याला नाही मिळाला, तो आता एका कंपनीत आहे आणि पदवी पुरी करून तीन वर्षांच्या लॉसाठी परत परीक्षा देणार म्हणतो. तिनं अर्ज केला. त्यासाठी पहिल्यापासूनचा हिशेब तिनं स्वतः मांडला: कधी किती घेतले, कधी किती दिले, समोर कोण होतं. कुठल्या वर्षी कांद्याचे पैसे आले आणि ते कुठे गेले, हे आबांना तोंडपाठ होतं. त्यांना तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या रोख्यावर न थांबता मागचा हिशेब काढा, हेच १८७९ चा कायदा कोर्टाला सांगत होता. तिला तो कायदा तेव्हा माहीत नव्हता. मी या भागासाठी वाचायला लागले तेव्हा तिला फोन करून सांगितला, तर तिचा पहिला प्रश्न, "त्यात वकिलाला बंदी होती? मग माझं काय?"

कलम १६ ची दुरुस्ती करणाऱ्यांनी कर्ड्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. तिसऱ्या उदाहरणातला सावकार बंगालचाही असू शकतो, पंजाबचाही. पण शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल कायदा बदलायला हवा, ही चर्चा देशभर जी पेटली तिच्यात दख्खनचं नाव सतत येत होतं. १८९१-९२ मध्ये तर दख्खनचा कायदा कसा चालतोय हे बघायला आणखी एक कमिशन बसलं होतं. त्यामुळे मी तरी त्या अ ला शिरूरचाच समजते.

आबांच्या अर्जाची चौकशी अजून चालू आहे. तारखेला ती त्यांच्याबरोबर जाते, वकिलांच्या मागच्या खुर्चीवर बसते. तिची सनद निघायला अजून दोन वर्षं आहेत. समोरच्या बाजूनं काही कागद दाखल झाला की आबा तो आधी तिच्याकडे देतात आणि म्हणतात, मोठ्यानं वाच.

तुमच्या घरी जुनी गहाणखतं, रोखे असतील, मोडीतले असले तरी, तर कमेंटमध्ये नक्की सांगा. विशेषतः शिरूर, दौंड, इंदापूर, पारनेरकडच्यांनी. जे जळले नाहीत ते कागद कुठेतरी ट्रंकेत असणारच. पुढच्या भागात अमेरिकेतलं युद्ध आणि भीमथडीतला कापूस. भेटू.