हाली, कलदार आणि टप्पा

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याकडे राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, लाकडी बांधणीची बेडफर्ड गाडी : हा तपशील एसटीच्या प्रत्येक वर्धापनदिनी उगाळला जातो, आणि तो उगाळावा असाच आहे. मात्र त्याच नगरहून पूर्वेकडे निघालेल्या माणसाला आष्टीच्या वाटेवर दुसरे राज्य लागत होते, हे त्या सोहळ्यात कुणाच्या ध्यानी येत नाही. बीड जिल्हा त्या दिवशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पोलीस कारवाई अजून साडेतीन महिने दूर होती. तेव्हा बीडच्या एसटीची कुळकथा सांगायची तर नगरपासून नव्हे, हैदराबादपासून सांगावी लागते.

निजामाच्या सरकारने १९३० साली संस्थानातली रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली आणि १९३२ च्या जूनमध्ये त्याच रेल्वेचे एक खाते म्हणून मोटारसेवा सुरू केली. आरंभी गाड्या २७ आणि नोकर १६६. खाजगी मोटारवाले रेल्वेचे उतारू पळवू लागले होते. रूळ आणि रस्ता एकाच धन्याच्या हाती असले की ते एकमेकांचे गिऱ्हाईक तोडणार नाहीत, असा यामागचा हिशेब होता. (तिकडच्या सरकारी गाड्यांच्या क्रमांकातले ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या आईच्या नावावरून आले, असे अजून सांगतात. सांगणाऱ्याचा चेहरा पाहता न मानणे जड जाते.) हिशेब चोख होता, पण तो रेल्वे असलेल्या मुलुखाचा होता. बीड जिल्ह्यात रूळ पूर्व टोकाला, परळीला. उरलेल्या जिल्ह्याला रस्ता हाच रस्ता.

भाड्याचा प्रश्न तेव्हा आणखी एका अर्थाने गुंतागुंतीचा होता. संस्थानात उस्मानिया सिक्का चाले, त्याला लोक हाली म्हणत. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. दर साधारण सात हालीला सहा कलदार. सीमेवरच्या माणसाला नगरचा बाजार करायचा तर कनवटीला दोन राज्ये बाळगावी लागत. दरबारची भाषा उर्दू, उतारूंची मराठी, आणि बहुतेकांना वाचता यायचे नाही कोणतीच. अशा ठिकाणी वाहकाचा पुकारा हेच वेळापत्रक आणि तोच दरफलक. आम्हांला वाटते, वाहकाच्या शब्दावर विसंबण्याची मराठवाड्यातली सवय इतकी जुनी आहे.

पुढची संक्रमणे झटपट झाली. १९५१ साली मोटारखाते रेल्वेपासून सुटून हैदराबाद सरकारचे झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ साली विदर्भ-मराठवाड्याच्या सेवा एकवटून आजचे महामंडळ उभे राहिले. मात्र ज्या कायद्याखाली ते उभे राहिले तो १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा वाचण्याजोगा आहे. त्याचे २२ वे कलम सांगते की महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर कारभार करावा. ३४ वे कलम राज्य सरकारला महामंडळास निर्देश देण्याचा अधिकार देते, अगदी नोकरांच्या वेतनापासून नफ्याच्या विनियोगापर्यंत. दुकान चालवा, पण गल्ल्याची किल्ली आमच्याकडे. त्यात १९५८ च्या कायद्याने प्रवासी कर आला, आणि तो वाढत वाढत साडेसतरा टक्क्यांवर गेला. मांजरसुंब्याला उतरणारा शेतमजूर गाडीचे भाडे देत असतानाच सरकारचा कर भरत असतो, हे त्याच्या खिजगणतीतही नसते. आणि तोटा कुणामुळे होतो या चर्चेत तो मात्र सवलत लाटणारा ठरतो.

एसटीचे भाडे टप्प्यांत मोजतात. टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. गाव टप्प्याच्या जरा पुढे असले की पुढचा टप्पा भरावा लागतो. २०१८ साली भाडेवाढ झाली तेव्हा सुट्या पैशांची कटकट मिटवण्यासाठी तिकिटे पाचाच्या पटीत आली : सात रुपयांचे पाच, आठाचे दहा. लांबच्या उतारूला हा फरक जाणवला नसेल. ज्याची रोजची ये-जा आठ रुपयांची होती त्याला विचारावे.

मग २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर १७.१७ टक्के वाढ झाली आणि त्याच सुमारास शासनात विलीनीकरणासाठी कर्मचाऱ्यांचा संप पेटला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत बीडसारख्या जिल्ह्यात काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. संप मिटल्यावर, २०२२ च्या ऑगस्टात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि २०२३ च्या मार्चमध्ये स्त्रियांना अर्धे भाडे मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा १४.९५ टक्के वाढ. सवलत सरकार जाहीर करते आणि तिची भरपाई महामंडळाने सरकारकडून घ्यायची असते. म्हणजे गाडीचे डिझेल मंत्रालयातल्या कागदाच्या गतीने भरले जाते. अर्ध्या तिकिटाने लेकी माहेरी येऊ लागल्या, हे आम्ही नाकारणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की सवलतीची घोषणा फलकावर झळकते, तिच्या पैशाचा हिशेब कुठेच टांगलेला दिसत नाही.

उतारूंशी बोलण्याची एसटीची खरी भाषा छापील नव्हतीच. डोंगरपट्ट्यात संध्याकाळी येणारी मुक्कामी गाडी हे गावाचे घड्याळ होते. ती आली की चुली पेटत, पहाटे ती निघाली की दुधाच्या किटल्या हलत. अशी गाडी बंद होते तेव्हा सूचना लागली तर आगारात लागते. ज्या गावाला ती कळायला हवी त्या गावाकडून आगाराला जायला गाडीच नसते!

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, अहिल्यानगरहून रूळ अखेर बीडला पोहोचले. १९९५ च्या सुमारास मंजूर झालेला हा २६१ किलोमीटरचा मार्ग; निम्मा खर्च राज्याने उचललेला. निजामाच्या रेल्वेने मोटार काढली ती रूळ राखण्यासाठी. बीडला रूळ यायला त्यानंतर त्र्याण्णव वर्षे लागली. त्या दिवशी बीडहून परळीला निघालेला उतारू मात्र पूर्वीसारखाच बसस्थानकावर उभा होता, टप्पे मोजत. पुढचे रूळ अजून पडायचे होते.