बाद फेरीपूर्वीची भाकिते : मुंबई-गोवा लढतींचा दाखला

साखळी स्पर्धेतील गुणतक्ता हा संघाच्या बळाचा सर्वांत भरवशाचा पुरावा मानला जातो. बाद फेरी जवळ आली की मात्र याच तक्त्यावरून चाहत्यांमध्ये वाद जुंपतात. अधिक गुण मिळविणारा संघच जिंकणार, असे एक जण छातीठोकपणे सांगतो. बाद फेरीत सारे हिशेब नव्याने सुरू होतात, असे दुसरा बजावतो. यांपैकी कोणाचे म्हणणे खरे ठरते? इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांच्या तीन उपान्त्य लढती या प्रश्नाचा विचार करण्यासाठी चांगला दाखला ठरतात.

दोन विजेतेपदे

ही लीग २०१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभी साखळीतील पहिले चार संघ उपान्त्य फेरीत जात. २०२२-२३ च्या मोसमापासून बाद फेरीतील संघांची संख्या सहा करण्यात आली. पहिले दोन संघ थेट उपान्त्य फेरीत आणि उरलेले चार एकेका सामन्याच्या पात्रता फेरीत, अशी ती रचना होती. २०१९-२० पासून साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाला ‘लीग शील्ड’ देण्यात येऊ लागले, तर बाद फेरी जिंकणाऱ्याला करंडक. एकाच मोसमाला दोन विजेते मिळण्याची सोय त्यामुळे झाली आणि खरा विजेता कोणता, या वादालाही तोंड फुटले.

२०१९-२० ते २०२४-२५ या सहा मोसमांचा हिशेब बोलका आहे. शील्ड आणि करंडक हे दोन्ही मान एकाच संघाने पटकाविल्याचे केवळ दोनदा घडले : २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागान. २०१९-२० मध्ये अव्वल ठरलेल्या गोव्याला चेन्नईयिनने, २०२१-२२ मध्ये जमशेदपूरला केरला ब्लास्टर्सने आणि २०२२-२३ मध्ये मुंबईला बंगळुरूने उपान्त्य फेरीतच रोखले. २०२३-२४ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पराभूत झाला. म्हणजे तक्ता पाहून विजेत्याचे नाव सांगणाऱ्याचे भाकीत सहापैकी चार वेळा चुकले असते.

मागील निकालांचा आधार

तक्त्याखालोखाल चाहते आधार घेतात तो मागील निकालांचा. मार्च २०१९ मध्ये मुंबई आणि गोवा उपान्त्य फेरीत समोरासमोर आले, तेव्हा हा आधार पूर्णपणे गोव्याच्या बाजूने होता. साखळीत गोव्याने मुंबईला ५-० असे लोळविले होते. अंधेरीतील पहिल्या सामन्यात मुंबईने प्रथम गोल केला; पण नंतर गोव्याने पाच गोल करून ५-१ असा विजय मिळविला. फातोर्ड्यातील परतीचा सामना मुंबईने १-० असा जिंकला, तरी एकूण फरक ५-२ राहिला. भाकीत खरे ठरले.

मात्र त्याच तर्काने गोव्याला अंतिम फेरीत साथ दिली नाही. अंधेरीच्याच मैदानावर बंगळुरूविरुद्ध जादा वेळेतील ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेने हेडरवर गोल केला आणि करंडक गोव्याच्या हातून निसटला. भेके हा मूळचा मुंबईकर, हा योगायोग गोव्याच्या चाहत्यांना अधिकच झोंबणारा होता.

माणसे बदलली, वाद पेटला

मार्च २०२१ मधील दुसऱ्या लढतीपूर्वीचा वाद अधिक कडवट होता. जानेवारी २०२० च्या अखेरीस गोव्याने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. पुढे ते मुंबईत दाखल झाले आणि ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल व मंदार राव देसाई हे गोव्याचे शिलेदारही मुंबईच्या ताफ्यात आले. त्यामुळे आपलाच जुना संघ आपल्याविरुद्ध उभा आहे, अशी गोव्याच्या पाठीराख्यांची भावना होणे स्वाभाविक होते. गुणतक्ताही मुंबईच्या बाजूने होता. मुंबईचे ४० गुण होते, तर चौथ्या क्रमांकावरील गोव्याचे ३१.

नऊ गुणांचा हा फरक मैदानावर मात्र कोठेच दिसला नाही. पहिला सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्यात मुंबईचे दोन्ही गोल बुमूस आणि फॉल या माजी गोवेकरांनीच केले. परतीचा सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला. शूटआऊटसाठी दोन्ही संघांनी गोलरक्षक बदलले आणि अखेर मुंबईने ६-५ अशी बाजी मारली. निर्णायक पेनल्टी गोलात धाडणारा रोलिन बोर्जेस हाही गोव्याचाच सुपुत्र. निकाल तक्त्याप्रमाणे लागला खरा. पण तक्त्यामुळे लागला, असे म्हणता येणार नाही.

सहा मिनिटांचा धडा

तिसरी लढत एप्रिल २०२४ मधील. साखळीत मुंबईचे ४७ आणि गोव्याचे ४५ गुण होते. शेवटच्या साखळी सामन्यात मोहन बागानकडून २-१ असे हरल्याने मुंबईचे शील्ड हुकले होते, तर गोव्याने पात्रता फेरीत चेन्नईयिनला २-१ असे नमविले होते. खचलेला संघ विरुद्ध उभारी घेतलेला संघ, असे चित्र रंगविणे सोपे होते. २४ एप्रिलला फातोर्ड्यात बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी गोव्याने ८९ मिनिटांपर्यंत २-० अशी आघाडी राखली, तेव्हा ते चित्र खरेही वाटू लागले. त्यानंतर ९० वे मिनिट आणि भरपाई वेळेतील पहिली सहा मिनिटे एवढ्या अवधीत लालियनझुआला छांगटेने दोन आणि विक्रम प्रताप सिंगने एक गोल केला. मुंबई ३-२ अशी विजयी झाली. २९ एप्रिलचा परतीचा सामनाही मुंबईने २-० असा जिंकला. एकूण गोलफरक पुन्हा ५-२; या वेळी तो मुंबईच्या बाजूने. पुढे ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने करंडकही जिंकला.

भाकिते का चुकतात?

२०२३-२४ च्या साखळीत प्रत्येक संघ २२ सामने खेळला. इतक्या सामन्यांत एखादी चुकीची शिटी, एखादी दुखापत वा एखादा वाईट दिवस यांचा परिणाम पुसट होतो. उपान्त्य फेरीत सामने दोनच, आणि फुटबॉलमध्ये गोलही मोजकेच. तेथे एका क्षणाचे वजन मोसमभराच्या कामगिरीइतके भरते. ‘कोणता संघ सरस?’ आणि ‘कोणता संघ जिंकेल?’ हे म्हणूनच दोन वेगळे प्रश्न आहेत. चाहत्यांचे बहुतेक वाद एकाने पहिल्या प्रश्नाचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्यामुळे रंगतात.

या वादांना असलेली धार केवळ आकड्यांतून आलेली नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनी एकेकाळी राष्ट्रीय विजेतेपदे गोव्यात आणली. २०१५ आणि २०१९ मध्ये अंतिम फेरी गाठूनही सुपर लीगचा करंडक मात्र २०२४-२५ पर्यंत गोव्याला जिंकता आला नव्हता. मुंबईनेही २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद पडताना पाहिला. फुटबॉलचा वारसा सांगणाऱ्या दोन ठिकाणांची आस एकेका संघावर एकवटली, की तटस्थ भाकिताची अपेक्षा करणेच चूक. अशा वेळी चाहता भविष्य सांगत नसतो, तो आपली इच्छा बोलून दाखवत असतो. तक्त्याने ती इच्छा थोपविता येत नाही आणि तसा प्रयत्नही कोणी करू नये.