झुंजारचा चेहरा

मुंबईहून आलेला रस्ता पनवेलला दुभंगतो. एक फाटा बोरघाट चढून पुण्याला जातो, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्याने कोकणात उतरतो. १९६० च्या आगेमागे, मी शाळकरी होतो तेव्हा, दोन्हींकडच्या एसटी गाड्या आमच्या स्थानकावर थांबत. वाचून झालेले एखादे पुस्तक बाकावर राहून जाई. तेच माझे पहिले वाचनालय. कारण 'असली' पुस्तके उंबऱ्याच्या आत यायची नाहीत, असा वडिलांचा दंडक होता.

असली म्हणजे बाबुराव अर्नाळकरांची. वडिलांनाच दोष का द्यावा? हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या ह्या लेखकाला (१९०६-१९९६) आपल्या वाङ्मयेतिहासाने तरी ओसरीच्या आत कुठे घेतले? धनंजय हा रीतसर गुप्तहेर, जोडीला त्याचा छोटू. काळा पहाड आणि झुंजार मात्र कायद्याला बगल देऊन न्याय करणारे. आम्हां पोरांचा जीव ह्या दुसऱ्या जोडीवर!

मुखपृष्ठावर चित्र असे. पण बाकावरच्या प्रतीचे मुखपृष्ठ बहुधा गेलेलेच. त्यामुळे झुंजार दिसतो कसा, ह्यावर आम्हां तिघा मित्रांत कडाक्याचे वाद होत. एकाचा झुंजार त्याच्या रेल्वेतल्या मामासारखा. माझा हुबेहूब पेणच्या गाडीवरच्या कंडक्टरसारखा, बारीक मिशांचा. तिकिटाला पंच मारताना तो वर बघे, ते बघणे झुंजारचेच.

पडद्यावर झुंजार मला कधी भेटला नाही. त्याची हळहळ मी बरीच वर्षे केली. बंगाल्यांचा हेवा वाटे. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश १९३२ साली कथेत अवतरला; १९९३ साली बासु चटर्जींनी तो दूरदर्शनवर आणला. रजित कपूर त्यात फारच शोभला. इतका, की आता ब्योमकेशची कथा उघडली की पानावर रजित कपूरच येऊन बसतो. सत्यजित राय तर स्वतःच लेखक, स्वतःच दिग्दर्शक. 'सोनार केल्ला' ह्या १९७१ च्या कादंबरीत खलनायक कोण, हे ते शेवटपर्यंत झाकून ठेवतात. १९७४ च्या चित्रपटात तेच गुपित आरंभीच उघड करतात. माझ्या मते ही खरी समज. वाचक मागची पाने चाळून ताडून पाहतो. थेटरातल्या माणसाला ती सवड नाही, त्याला भीती घातलेली बरी.

आपल्याकडे हे भाग्य भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला लाभले. पुस्तकातला बनेश पुण्याच्या विद्याभवनातला किडकिडीत, 'ट्टॉक' करणारा पोरगा. २०१७ च्या चित्रपटात तो मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात येतो. अमेय वाघने काम झकास केले. नातू खूष, मीही खूष. पण सायकलवरचा तो पोरगा मला राहून राहून आठवत होता.

गेल्या वर्षी रद्दीच्या दुकानात झुंजारची एक कथा हाती लागली, मुखपृष्ठ फाटलेली. नातवाला दिली. दोन दिवसांनी तो म्हणाला, "आजोबा, झुंजार आमच्या क्रिकेटच्या सरांसारखा दिसतो ना?"

मी त्याला कंडक्टरचे सांगितले नाही.