सावित्रीची पोच

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरमार्गे महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीतील भरतीचा परिणाम महाडपर्यंत पोहोचत असल्यामुळे वरून लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली, तर पाण्याला उतरायला वाट राहत नाही आणि ते बाजारपेठेत शिरते. त्यामुळे नदीची बातमी वेळेवर मिळणे हा या गावाच्या जगण्याचाच भाग आहे.

पूर्वी ही बातमी डोळ्यांनी मिळे. घाटाची कोणती पायरी बुडाली, पाण्याचा रंग किती गढुळला, यावरून दुकानातला माल पोटमाळ्यावर चढवायचा की नाही हे ठरे. पुढे प्रशासनाने या अनुभवाला आकडे दिले: नदी ६.०० मीटरला पोहोचली की 'इशारा पातळी', म्हणजे सावध होण्याची वेळ, आणि ६.५० मीटरला 'धोका पातळी', म्हणजे पाणी वस्तीत येण्याचा संभव. या आकड्यांवर विश्वास बसण्याचे कारण अधिकाराची मोहोर नव्हे. सांगितलेला आकडा आणि काठावर दिसणारे पाणी यांचा मेळ कोणालाही स्वतः पाहता येतो, हे ते कारण होय. यंत्रणेने माणसाला दिलेल्या अशा पडताळता येणाऱ्या उत्तराला 'पोच' म्हणता येईल.

२२ जुलै २०२१ रोजी ही पोच नेमक्या गरजेच्या वेळी तुटली. महाड पाण्याखाली गेले, वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले, आणि त्याच दिवशी तळीये गावावर व पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. ज्या फोनवर इशाऱ्याची सारी भिस्त, तोच मुका झाला, आणि मुका फोन सारे ठीक असल्याचे सांगतो की संकटाचे, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.

दरडीची गोष्ट तर पुराहून अवघड आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे डोंगर खचले, तेव्हाही डोंगराला मोजपट्टी नव्हती. जमिनीला गेलेली भेग, वाकलेले झाड, अचानक गढूळ झालेला झरा एवढ्याच त्याच्या खुणा, आणि त्या सर्वांत आधी दिसतात त्या वाडीतल्या माणसाला. तो कार्यालयात कळवतो तेव्हा पोच उलट्या दिशेने जायला हवी: कोण पाहायला येणार, केव्हा येणार आणि भेग पाहून काय ठरले, हे त्याला कळले पाहिजे, कारण पहिल्या खबरीला उत्तरच मिळाले नाही, तर दुसरी भेग दिसल्यावर तो फोन उचलेलच, याची खात्री देता येत नाही.