रस्त्याचा वार

गावाला आठवड्याचा बाजार मिळाला की त्या वारावर गावाचे सारे जिणे बेतले जाते, हे मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. तसा वार रस्त्यालाही मिळू शकतो. त्याची हकीकत मात्र दूरची, दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाच्या राजधानीची, बोगोटाची आहे.

१५ डिसेंबर १९७४ रोजी तेथल्या सायकलप्रेमी मंडळींनी दोन हमरस्ते काही तास मोटारींना बंद करवले. मोटारींची गर्दी, धूर आणि हातपाय हलवायला जागा नाही, ही त्यांची तक्रार. सुमारे पाच हजार माणसे रस्त्यावर उतरली. निषेध कोठे होत नाहीत? सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत् सुरू होते. बोगोटात तसे झाले नाही. १९७६ साली महापौर लुईस प्रिएतो ओकाम्पो यांनी हुकूम काढून या उपक्रमाला सरकारमान्यता दिली. त्याचे नाव 'सिक्लोव्हिआ', म्हणजे सायकलवाट. मध्यंतरी त्याला ओहोटी लागली. पण १९९५ पासून नगराच्या क्रीडाखात्याने कारभार हाती घेतला आणि त्याने पुन्हा बाळसे धरले.

आज दर रविवारी आणि सणासुटीला, सकाळी सात ते दुपारी दोन, शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते माणसांचे होतात. म्हणून शहर ठप्प होते असे नाही. मोठ्या रस्त्याची एक बाजू मोटारींना ठेवतात, दुसरी माणसांना देतात. चौकात सायकली थोपवून मोटारींना पलीकडे सोडतात. कोणी धावतो, कोणी चाकांचे बूट घालून घसरतो, बागेत बायाबापड्या गाण्याच्या तालावर कवायत करतात. उत्तरेचा धनिक आणि दक्षिणेचा कष्टकरी एकाच वाटेने जातात. कोणालाही पैसा पडत नाही.

आपल्याकडेही हे वारे आले. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याचा लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांना दिला गेला. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारच्या सकाळी मरीन ड्राइव्ह आणि इतर काही रस्ते मोकळे केले. लोक हौसेने आले. पण हौसेला वार लागतो, तेव्हाच तिचा रिवाज होतो.

आमच्या शाळेला मैदान नाही. कवायत गच्चीवर होते. मुले विचारतात, "गुरुजी, रस्त्यावर खेळायला कधी मिळेल?" बोगोटातले पोर या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देईल : रविवारी. आमच्या पोरांना सांगायला माझ्यापाशी अजून वार नाही.