रयतेचा पैसा आणि रयतेची शाळा

सरकारने शाळेला पैसा द्यावा तो किती, हा वाद निघाला की मला १८८२ साल आठवते. त्या वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन मांडले. महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण तो खर्ची पडतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. मुंबई इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांना, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्या खेड्यांचा शेतसारा मात्र चुकत नव्हता!

फुल्यांचे निवेदन आम्हां शिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, मोडी व बाळबोध वाचन, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे आणि आरोग्य शिकवा, असे ते सांगतात. शिक्षक असा हवा की प्रसंगी नांगराचा रुमणा हाती धरण्यास त्याला लाज वाटू नये. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस असावा. खडूसाठीही स्वतःच्या खिशात हात घातलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील फार जवळचा वाटतो.

कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविणारे आपले पूर्वज याच रयतेतले. हाईम सॅम्युएल केहिमकर प्रभृतींनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी इस्रायली शाळा काढली, तिला पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य मिळाले. पण गावोगावच्या मुलांसाठी लंडनहून देणग्या कशा येणार?

१९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा, ही त्यांची अपेक्षा. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी तर १९०६ सालीच संस्थानभर सक्ती लागू केली होती. तेव्हा हे जमण्याजोगे नाही, असे म्हणण्यास जागाच नव्हती.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये कायदा झाला, पण त्याने नगरपालिकांना सक्तीची केवळ मुभा दिली. स्वतंत्र भारतात शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सातव्या कलमाने खर्चाची जबाबदारी केंद्र व राज्य दोघांवर टाकली. कोणी किती द्यावे, ते प्रमाण मात्र कलमात लिहिलेले नाही.