सोहार : शासकीय नोकरभरती व विद्याशाखा

ओमानमधील शासकीय सेवाप्रवेशाचा प्रश्न ज्या शहरातून ऐरणीवर आला, ते सोहार उत्तर अल् बातिना प्रांताचे मुख्यालय असून मस्कतच्या वायव्येस सुमारे 200 किमी. अंतरावर आहे. देशातील पहिले खाजगी विद्यापीठ 2001 मध्ये येथे निघाले. 2002 मध्ये ओमान सरकार आणि रॉटरडॅम बंदर यांनी निम्म्या भागीदारीत बंदर कंपनी काढली. पाठोपाठ तेलशुद्धीकरण व ॲल्युमिनियमचे कारखाने आले. पदवीधर वाढले, कारखानेही वाढले. तरी अनेक तरुणांची ओढ सरकारी नोकरीकडेच राहिली.

आंदोलने : फेब्रुवारी 2011 मध्ये काम मागणाऱ्या तरुणांनी शहरातील पृथ्वीगोलाच्या चौकात ठिय्या दिला. पोलिसी कारवाईत जीवितहानी झाली. सुलतान काबूस यांनी 50,000 नोकऱ्या व नोंदणीकृत बेरोजगारांना दरमहा 150 रियाल भत्ता जाहीर केला. मे 2021 मध्ये सोहारचे तरुण पुन्हा रस्त्यावर आले. तेव्हा सुलतान हैथम यांनी 32,000 रोजगारांचे आदेश दिले. दहा वर्षांनी तीच मागणी त्याच गावातून यावी, यातच जखमेची खोली कळते.

भरतीची रचना : नागरी सेवेचा कायदा 2004 चा आहे. ऑगस्ट 2020 मध्ये नागरी सेवा मंत्रालय श्रम मंत्रालयात विलीन झाले आणि सरकारी व खाजगी रोजगाराचा कारभार एका छत्राखाली आला. जाहिरातीत पदासोबत पदवी आणि विद्याशाखा दिलेली असते. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असली, तरी व्यवसाय प्रशासनाच्या पदवीधराला तिचा उपयोग नाही. त्याची विद्याशाखा मात्र काही वर्षांपूर्वी, बारावीच्या गुणांवर प्रवेशाचा पसंतीक्रम भरतानाच ठरून गेलेली असते. 2020 मध्येच तंत्र व उपयोजित विज्ञान महाविद्यालये एका विद्यापीठात आणली गेली; त्याच्या शाखा सोहार व शिनास येथेही आहेत.

महाराष्ट्राशी तुलना : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2012 मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षेतून वैकल्पिक विषय काढले. वैकल्पिक विषयासह वर्णनात्मक परीक्षेचा निर्णय 2022 मध्ये झाला. उमेदवारांच्या आंदोलनानंतर त्याची अंमलबजावणी 2025 पर्यंत पुढे गेली. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यात कृषी सेवेची 258 पदे परीक्षेत घ्यावीत म्हणून उमेदवार रस्त्यावर बसले. महाराष्ट्रात सामान्य प्रशासनासाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. कृषी, वन, अभियांत्रिकी अशा सेवांत मात्र विभागाचे मागणीपत्र वेळेवर गेले नाही, तर त्या शाखेच्या उमेदवाराचे वर्ष वाया जाते.

महत्त्व : विद्याशाखेची अट रास्तच आहे; शिकवायला, पूल बांधायला, पिकाचा रोग ओळखायला जाणकारच हवा. पण ही अट न्याय्य ठरण्यासाठी पुढील चार-पाच वर्षांत कोणत्या शाखेची किती पदे निघणार, याचा अंदाज खात्यांनी पसंतीक्रम भरण्याआधी जाहीर केला पाहिजे. सोहारमधला बारावी झालेला मुलगा अर्ज भरायला बसतो, तेव्हा तो अंदाज त्याच्यासमोर असायला हवा.